वर्गणीची पावती आणि हिऱ्याची तलवार

जयपूरच्या जुन्या शहराच्या नकाशात एक खेळ बसलेला आहे. सवाई जयसिंगांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी ज्या नगरीचा पाया घातला, तिथले मोठे रस्ते एकमेकांना छेदतात त्या चौकांना बडी चौपड, छोटी चौपड म्हणतात. चौपड म्हणजे आपला सारीपाट. चार बाजूंना फुटलेला पट, चौघांच्या सोंगट्या आणि सगळ्यांच्या हाती त्याच कवड्या. खेळायला कुणीही बसो, जेवढं दान पडेल तेवढीच घरं पुढे जायचं.

त्या चौपडींपासून काही किलोमीटरवर, शहराच्या उत्तर अंगाला शास्त्रीनगर आहे. कांवटिया हॉस्पिटल आणि सायन्स पार्क या इथल्या ओळखीच्या खुणा. नोकरीनिमित्त इकडे येऊन स्थिरावलेलं एखादं मराठी घर या वस्तीत डोळ्यांसमोर आणू. सातवीतला मुलगा शाळा, जेवण, गृहपाठ आटोपून कॉम्प्युटरसमोर बसतो आणि माइनक्राफ्ट सुरू करतो. या खेळाची पहिली पूर्ण आवृत्ती आली तीही १८ नोव्हेंबरलाच, २०११ साली. जयपूरचा आणि माइनक्राफ्टचा वाढदिवस एकच असणं हा निव्वळ योगायोग.

थोड्या वेळाने मुलगा उठून बाबांपाशी येतो.

"बाबा, तुमचा फोन द्या ना. रँक घ्यायचीय. तीनशे रुपयेच आहेत."

"कसली रँक?"

"व्हीआयपी. बाकीच्यांकडे आहे. माझ्याकडे नाही म्हणून मी रोज मरतो."

अशी मागणी देशभरातल्या कितीतरी घरांत होते आणि तिचं उत्तर पालकाच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. मुलगा जे सांगतोय ते मात्र शब्दशः खरं असू शकतं. तो खरोखरच रोज मरतो. का मरतो, त्यात पैशाचा हात किती, आणि तो हात तिथे असावा की नसावा, हा प्रश्न गेली दहा-बारा वर्षं या खेळाच्या जगात पेटलेला आहे. मोठ्यांनी त्यात लक्ष घालायला हवं, कारण मुलं आज तासन्तास जिथे वावरतात, तिथली न्यायाची पहिली कल्पना त्यांना तिथेच मिळते आहे.

माइनक्राफ्टचं सगळं जग ठोकळ्यांचं. माती, लाकूड, दगड, लोखंड, हिरे असे ठोकळे खणायचे, त्यांतून हत्यारं, घरं, शेतं उभी करायची. एकट्याने खेळता येतं, पण खरी गंमत अनेकांनी मिळून खेळण्यात. त्यासाठी लागतो सर्व्हर, म्हणजे ते जग सांभाळणारा आणि सगळ्यांना जोडून ठेवणारा कॉम्प्युटर. माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग ही स्वीडिश कंपनी सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट देते. ते घरच्या किंवा भाड्याच्या मशीनवर चढवावं, पत्ता मित्रांना कळवावा, की आपलं स्वतःचं जग सुरू. म्हणून जगभर या खेळाचे असंख्य सर्व्हर कंपन्यांनी नव्हे, हौशी लोकांनी चालवले आहेत. चालवणाऱ्याला ॲडमिन किंवा ओनर म्हणतात, आणि तो पुष्कळदा स्वतःच शाळा-कॉलेजात शिकत असतो.

त्याच्या डोक्यावरचा खर्च खरा असतो. सर्व्हर दर सेकंदाला वीस वेळा त्या जगाचा हिशेब मांडतो: कोण कुठे आहे, कुणी कुठला ठोकळा फोडला, कुणाच्या शेतातला गहू किती वाढला. दहा मित्र असले तर साधी मशीन पुरते. शंभर जण आले की हिशेब मागे पडायला लागतो, दार उघडायला क्षणभर उशीर होतो, मारलेला घाव लागत नाही. मुलं याला लॅग म्हणतात आणि लॅगला कंटाळून सर्व्हर सोडतात. मग जास्त मेमरी, चांगला प्रोसेसर आणि भारतातच ठेवलेली मशीन घ्यावी लागते. सिंगापूर किंवा युरोपातल्या मशीनपेक्षा मुंबईतल्या मशीनचं उत्तर जयपूरच्या मुलापर्यंत लवकर पोहोचतं. हे भाडं दर महिन्याला भरावं लागतं. ॲडमिनने पैसे मागितले म्हणून त्याला लोभी ठरवणं अन्यायाचं आहे.

प्रश्न तो पैशाच्या बदल्यात काय देतो, हा आहे.

सर्व्हरवर कोण काय करू शकतो हे ठरवणारी छोटी सॉफ्टवेअर असतात, त्यांना प्लगिन म्हणतात. लकपर्म्स हे त्यातलं एक लोकप्रिय नाव. त्यात प्रत्येक नवा खेळाडू आपोआप ज्या गटात पडतो त्या गटाचं नावच 'डिफॉल्ट' आहे. दुकानाच्या पानावर पैसे भरले की सर्व्हरला आपोआप एक आज्ञा जाते आणि खेळाडू डिफॉल्टमधून व्हीआयपीत जातो. त्यानंतर त्याला काय मिळेल ते पूर्णपणे ॲडमिनच्या हातात. नावापुढे सोनेरी अक्षरं, डोक्यावर टोपी, मागे ठिणग्यांचा माग. किंवा उडण्याची मुभा. किंवा रोज एक 'किट', म्हणजे तयार हत्यारांचा संच. बाहेरून पाहणाऱ्याला ही एकाच दुकानातली एकसारखी वस्तू वाटते. सोनेरी नाव आणि हिऱ्याची तलवार यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो आकड्यांनी मांडता येतो.

शास्त्रीनगरच्या त्या मुलाने तीन-चार संध्याकाळी खणून लोखंडाचं पूर्ण चिलखत आणि लोखंडी तलवार केली आहे असं धरू. समोरच्याने पैसे देऊन किट घेतलंय: हिऱ्याचं चिलखत, त्याच्या चारही भागांवर 'प्रोटेक्शन' या मंत्राची चौथी पायरी, आणि हिऱ्याची तलवार, तिच्यावर 'शार्पनेस'ची पाचवी. हे सगळं खेळून मिळवायचं तर शिरस्त्राणाला ५, छातीला ८, पायांना ७, बुटांना ४ आणि तलवारीला २ असे २६ हिरे हवेत. २०२१ च्या अखेरीस आलेल्या बदलानंतर हिरे सर्वांत जास्त सापडतात ते जगाच्या तळाशी, जिथे अंधार, लाव्हा आणि दैत्य असतात. वर मंत्र चढवायचे म्हणजे मंत्राचं मेज, पुस्तकांची कपाटं आणि अनुभवाचे गुण. हा आठवड्यांचा पसारा आहे.

आता दोघे समोरासमोर आले. खेळाडूचं आयुष्य २० गुणांचं. मंत्रलेली हिऱ्याची तलवार १० गुणांचा घाव घालते, त्यातले ४ लोखंडी चिलखत अडवतं, ६ लागतात. चार घावांत मुलगा आडवा. मुलाची लोखंडी तलवार ६ गुणांचा घाव घालते. हिऱ्याचं चिलखत त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश गिळतं, उरलेल्यातले ६४ टक्के प्रोटेक्शन खातं, आणि समोरच्याला लागतो तो अर्ध्या गुणाहून किंचित जास्त. त्याला पाडायला छत्तीस घाव हवेत. उडी मारून घातलेले जोरकस घाव धरले, अधूनमधून भरून येणारी जखम धरली तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चाराला छत्तीस हे प्रमाण कौशल्याने भरून निघणारं नाही. मुलगा म्हणतो 'मी रोज मरतो', त्यामागे हे गणित आहे.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग असते आणि ते सगळे मान्य करतात, कारण बॅट नसेल तर खेळच नाही. पण बॅटवाल्यालाही बोल्ड झाल्यावर जावं लागतं. ज्याने पन्नास रुपये दिले त्याला पाच वेळा आउट केल्याशिवाय आउट धरायचं नाही, असा नियम कुणी काढला तर दुसऱ्या दिवशी मैदान रिकामं होईल. किट विकणाऱ्या सर्व्हरवर नेमका हाच नियम चालतो. तिथे पैसे न देणारी मुलं खेळाडू उरत नाहीत, पैसे देणाऱ्यांची शिकार होतात. आणि त्यांना शिकार करून ठेवणं यातच दुकानाचा नफा असतो, कारण सतत हरणारा मुलगाच एक दिवस बाबांचा फोन मागतो.

ही लूट लढाईपुरती थांबत नाही. अनेक सर्व्हरांवर खेळातलीच बाजारपेठ असते. मुलं खणलेले हिरे, पिकवलेला ऊस, कापलेलं लाकूड विकतात. तिथे दुकानातून रोज फुकटचे हिरे ओतले की हिऱ्याचा भाव पडतो आणि आठवडाभर खणणाऱ्याच्या हातची मिळकत त्याला न विचारता अर्धी होते. त्याच्याशी कुणी लढलेलंही नसतं.

२०१४ च्या जून महिन्यात हा प्रश्न चव्हाट्यावर आला. माइनक्राफ्टच्या परवान्यात खेळावर धंदा करायला पहिल्यापासूनच मनाई होती, पण मोजांगने तिकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. मधल्या काळात काही सर्व्हर वाढत वाढत मोठी दुकानं झाले होते. कुणी विचारल्यावर कंपनीच्या एका माणसाने 'हे नियमात बसत नाही' एवढंच सांगितलं आणि सर्व्हरवाल्यांमध्ये आगडोंब उसळला. खेळाचा निर्माता मार्कस पेर्सन याने तेव्हा लिहिलं की पालकांची किती पत्रं कंपनीकडे आली याची त्यालाही मोजदाद नाही. मुलाने कुठल्याशा सर्व्हरवर वस्तूंच्या संचासाठी शंभर डॉलर घातले, ते परत द्या, असं ते मागत होते, आणि त्या सर्व्हरांवर कंपनीचा काडीचाही ताबा नव्हता.

मोजांगने मग नियम उलगडून सांगितले आणि १ ऑगस्ट २०१४ पर्यंत मुदत दिली. सर्व्हरमध्ये येण्याचे पैसे घ्या, पण सगळ्यांकडून सारखे. देणग्या घ्या, पण देणाऱ्याला खेळात झुकतं माप देऊ नका. जाहिराती चालतील. टोप्या, पाळीव प्राणी, ठिणग्या अशा दिखाऊ वस्तू विका. खेळावर परिणाम करणारी गोष्ट पैशाने आणायची असेल तर ती सर्व्हरवरच्या प्रत्येकाला मिळाली पाहिजे, पैसे कुणीही दिलेले असोत. आणि आपण मोजांगचे कुणी नाही हे विकत घेणाऱ्याला सांगा.

शेवटून दुसरा नियम मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. गणेशोत्सवाची वर्गणी अशीच चालते. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात. कुणी एकशे एक देतो, कुणी पाच हजार. पाच हजारवाल्याचं नाव फलकावर लागतं, एखाद्या संध्याकाळी त्याला आरतीचा मान मिळतो. मोदक मात्र सगळ्यांना सारखा, आणि गणपती ज्याने काही दिलं नाही त्यालाही तेवढाच दिसतो. वर्गणीने मांडव उभा राहतो, रोषणाई होते, आणि तिचा लाभ रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही होतो. महाराष्ट्रात अशी तात्पुरती वर्गणी गोळा करण्यासाठी सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, आणि जमलेल्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो. मानाला हरकत नाही, हिशेबाची सक्ती आहे, आणि प्रसादात भेद नाही. या तीन गोष्टी एकत्र सांभाळण्याची सवय आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या आहे.

सर्व्हरवाल्यांची खरी चूक 'डोनेशन' या शब्दात आहे. शब्द वर्गणीचा, व्यवहार विक्रीचा. बदल्यात तलवार मिळत असेल तर ती देणगी नव्हे. आणि देणगी म्हटलं की हिशेब दाखवायला नको, वस्तू बिघडली तर परत घ्यायला नको, दोन्हीकडून मोकळीक.

नियम आल्यावर काही सर्व्हर बंद पडले, काहींनी नावं बदलून जुनंच चालू ठेवलं. २०१६ मध्ये मोजांगने नियम मोडणाऱ्या सर्व्हरांचे पत्ते खेळातूनच अडवायला सुरुवात केली. तलवारी आणि किट विकल्याशिवाय मोठा सर्व्हर जगूच शकत नाही, हा त्यावेळचा मुख्य युक्तिवाद होता. त्याला सगळ्यात सणसणीत उत्तर दिलं ते हायपिक्सेल या सर्व्हरने. सायमन कॉलिन्स-लाफ्लाम आणि फिलिप टुशेट यांनी तो एप्रिल २०१३ मध्ये सुरू केला. त्यांच्याकडेही व्हीआयपी, एमव्हीपी अशा रँका विकत मिळतात, पण भर दिखाऊ गोष्टींवर. तिथे 'नेटवर्क बूस्टर' नावाची एक वस्तू आहे: एकाने पैसे देऊन ती चालू केली की ठरावीक वेळ त्या खेळातल्या सगळ्यांनाच जास्त नाणी मिळतात. देणाऱ्याचं नाव झळकतं, लाभ सर्वांना. हा सर्व्हर बुडाला तर नाहीच. एप्रिल २०२१ मध्ये तिथे एकाच वेळी २,१६,७६२ खेळाडू होते.

हायपिक्सेललाही डाग आहे आणि तो झाकून चालणार नाही. तिथल्या स्कायब्लॉक या खेळात 'बूस्टर कुकी' आहे. ती रत्नांनी मिळते, रत्नं खऱ्या पैशांनी. ती कुकी खेळातल्या बाजारात नाण्यांना विकता येते. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत तो कुकीच्या वाटेने नाणी घेतो, ज्याच्याकडे वेळ आहे तो नाणी मोजून कुकी घेतो. बाजूने बोलणारे म्हणतात की पैसे न देणाऱ्यालाही ती वस्तू मिळते आहे, मग तक्रार कसली? तक्रार एवढीच की दार मागचं असलं तरी ते दारच आहे, आणि त्यातून पैसा खेळात शिरतो. समोरासमोरच्या मारामारीचा हा खेळ नसल्याने दुखापत कमी होते, इतकंच.

रांगेचा प्रश्न याहून अवघड आहे. २०१० च्या डिसेंबरपासून चालू असलेला टूबीटूटी हा सर्व्हर कुठलेच नियम न पाळण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये एका यूट्यूबरमुळे तिथे एकाएकी हजारोंची गर्दी झाली आणि आत शिरायला तासन्तास थांबावं लागू लागलं. मग चालकाने महिन्याला २० डॉलर घेऊन वेगळी रांग काढली. शिर्डीला किंवा त्र्यंबकेश्वरला पैसे भरून लवकर दर्शनाची सोय आहे, तसंच हे. आत गेल्यावर सगळे सारखे, तलवार कुणालाच मिळत नाही. तरीही ही वस्तू टोपीइतकी निरुपद्रवी नाही. टोपीमुळे दुसऱ्याचं काही कमी होत नाही. रांगेत मात्र जागा मोजक्या असतात, आणि एक जण पुढे गेला की मागचा प्रत्येक जण एका माणसाइतका मागे सरकतो. पैसे देणाऱ्यांसाठी ठरावीक जागा राखून बाकी रांग सरळ चालू ठेवली तर ते सहन होण्यासारखं आहे. राखीव जागा वाढवत नेल्या की साधी रांग ही फक्त पैसे द्यायला भाग पाडण्याची युक्ती होऊन बसते.

ही भांडणं माइनक्राफ्टहून जुनी आहेत. १९९० च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी डिकुमड नावाचा, फक्त अक्षरांवर चालणारा, अनेकांनी मिळून खेळायचा खेळ लिहिला आणि सगळ्यांना वापरायला दिला. मुख्य अट ही: यातून कुठल्याही प्रकारे नफा कमवायचा नाही. जगभर त्यावरून शेकडो खेळ उभे राहिले आणि देणगी म्हणजे नफा का, यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. १९९७ मध्ये आलेल्या अकाया या खेळाने उघडच वेगळी वाट धरली: खेळ फुकट, आतल्या वस्तूंना पैसे. आज मोबाइलवरचा जवळजवळ प्रत्येक खेळ त्याच वाटेने चालतो.

हौशी सर्व्हरांच्या जगात पैसा आला की मागोमाग काय येतं, याचं एक टोकाचं उदाहरण अमेरिकेत आहे. रटगर्स विद्यापीठातला पारस झा आणि त्याचे दोन साथीदार यांनी २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम तयार केला. घराघरांतले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी एखाद्या सर्व्हरवर मागण्यांचा पूर सोडायचा, की तो सर्व्हर कोलमडतो. हे सगळं सुरू झालं ते माइनक्राफ्टच्या सर्व्हरांमधल्या चढाओढीतून, कारण यशस्वी सर्व्हर महिन्याला हजारो डॉलर मिळवत होते आणि दुसऱ्याचा सर्व्हर पाडला की त्याचे खेळाडू आपल्याकडे वळतात. झाची स्वतःची, अशा हल्ल्यांपासून संरक्षण विकणारी कंपनीही होती. मिराईचा कोड पुढे उघड झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच हत्याराने डिन या कंपनीवर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास ठप्प झाल्या. तिघांनीही डिसेंबर २०१७ पर्यंत गुन्हा कबूल केला.

जीटीएसारख्या खेळांतही हाच गुंता आहे. फाइव्हएम या व्यवस्थेवर भारतातही रोलप्लेचे सर्व्हर चालतात. कुणी पोलीस होतो, कुणी टॅक्सीवाला, आणि रांगेतला अग्रक्रम नि खास गाड्या विकल्या जातात. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा सर्व्हरांवर नशिबाच्या पेट्या, आभासी चलनाची विक्री आणि कंपन्यांचं प्रायोजकत्व नको असं जाहीर केलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये फाइव्हएमचा चमूच आपल्याकडे घेतला.

शास्त्रीनगरच्या घरात मात्र एवढ्या लांबचा कायदा कुणी वाचलेला नसतो. तिथे महत्त्वाचा आहे तो १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याच्या कलम ११ नुसार करार करायला माणूस सज्ञान लागतो, म्हणजे अठरा वर्षांचा. अज्ञान मुलाने केलेला करार हा मुळातच शून्यवत, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या कलकत्त्याच्या सावकारी खटल्यात दिला, आणि तो आजही वकिलीच्या पहिल्याच वर्षात शिकवला जातो. बारा वर्षांच्या मुलाने रँक विकत घेणं या दृष्टीने मुळातच लंगडं आहे. पैसे बाबांच्या यूपीआयमधून गेले म्हणून व्यवहार उरकतो, आणि पुढे सर्व्हर बंद झाला तर कुणाकडे जायचं हे त्यांना ठाऊक नसतं. विकणारा ॲडमिन सोळा वर्षांचा असेल तर विकणारा आणि घेणारा दोघंही अज्ञान, मधे फक्त एका मोठ्या माणसाचा फोन.

याच्या जोडीला आलाय ऑगस्ट २०२५ मधला ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली. निव्वळ करमणुकीच्या सामाजिक खेळांना मोकळीक दिली, आणि त्यांना वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेता येईल हेही सांगितलं. येण्याचे सारखे पैसे घेणारा सर्व्हर सरळ या कप्प्यात बसतो. अनेक सर्व्हरांवरच्या 'क्रेट की'चं काय? किल्ली पैशाने घ्यायची, पेटी उघडायची, आतून काय निघेल ते नशिबावर. या कायद्यात 'पण', म्हणजे डावावर लावलेली गोष्ट, या शब्दाच्या व्याख्येत पैशाने घेतलेली नाणी, टोकनं आणि वस्तूही येतात. पेटीतून निघालेली तलवार पुढे कुणी खऱ्या पैशाला विकत असेल तर प्रश्न नुसता न्यायाचा राहत नाही. कायद्याचं काही असो, बारा वर्षांच्या मुलाला सोडत विकणं वाईटच. टोपी घेणाऱ्याला टोपी मिळते हे त्याला माहीत असतं. किल्ली घेणाऱ्या पोराला 'अजून एकदाच' एवढंच मिळतं.

चांगला सर्व्हर ओळखायला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. दुकानाचं पान उघडावं आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न विचारावा: हे कुणी घेतलं तर न घेणाऱ्याचा खेळ बदलतो का? सोनेरी नाव, टोपी, मागे धावणारा कुत्रा: नाही. डोक्यावरून उडत जाणारा शत्रू, रोजचं किट, पडल्यावर सामान न गमावण्याची सवलत: हो. काही ॲडमिन दर महिन्याला सर्व्हरचं भाडं किती आणि जमले किती, याची पट्टी खेळाच्या सुरुवातीच्या चौकातच लावतात. पट्टी भरली की सगळ्यांसाठी एखादी जत्रा किंवा नवा नकाशा उघडतो. असा ॲडमिन दिसला तर तीनशे रुपये बिनधास्त द्यावेत. मुलाला सांगूनच द्यावेत, की हे भाड्यासाठी आहेत. ज्या प्लगिनवर हे सगळं उभं असतं, त्यांतली बरीचशी लोकांनी फुकट लिहून दिलेली आहेत, हेही त्याच वेळी सांगता येईल.

दिखाऊ वस्तूंनी सगळं सुटतं असंही नाही. डिफॉल्ट हा शब्द मुलांमध्ये शिवीसारखा वापरला जातो. फोर्टनाइटमध्ये साधा पोशाख घातलेल्या मुलांना तो ऐकावा लागला आहे. कपड्यांवरून चिडवणं शाळेत थांबवता येतं, कारण तिथे बाई असतात. सर्व्हरवर ते काम ॲडमिनचं, आणि तो दिवसा कॉलेजात असतो.

बाबांनी फोन हातात घेतलाय. दुकानाच्या पानावर व्हीआयपीचं किट लाल अक्षरांत आहे, खाली बारीक अक्षरांत पैसे परत मिळणार नाहीत असं. ते विचारतात, हा सर्व्हर चालवतो कोण? मुलगा डिस्कॉर्डवरचं एक टोपणनाव सांगतो. राहतो कुठे, वय काय, ते त्याला माहीत नाही. तो रोज संध्याकाळी सातला ऑनलाइन येतो, एवढं नक्की.

"मग साताला त्याला विचार," बाबा म्हणतात, "महिन्याचं भाडं किती येतं, आणि तलवार सोडून त्याच्याकडे काय आहे."

घड्याळात पावणेसात झालेत.